ऑनलाइन प्रशिक्षणवर्गाची घडण : पूर्वारामाच्या जिन्यावरून

शिक्षकांचे प्रशिक्षण हा विषय स्मरणिकेत पाहून पालकांना तो आपला वाटणार नाही, अशी शक्यता आहे. तरीही तो त्यांचाच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न आग्रहाने मांडला होता. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये आणि त्याच्या पगाराची सोय बरी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या वसतिगृहात येणारी बहुतेक मुले घरातील पहिली शिकणारी पिढी आहेत. काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अडलेला प्रश्न या मुलांना घरी कोणाला विचारता येत नाही. शिक्षक कच्चा राहिला, तर ती उणीव भरून काढणारी दुसरी जागा त्यांच्यापाशी नसते.

शिक्षकांचे प्रशिक्षण आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. 2017 च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. (हा शब्द ऐकताच आम्हांस नागपूरची दीक्षाभूमी आठवते, व्यासपीठाचे नाव मात्र इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून घडले आहे.) 2019 साली समोरासमोर सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण करोनाच्या काळात, 2020 मध्ये, 18 घटकांच्या रूपाने याच व्यासपीठावर आले. तेव्हापासून पडद्यावर शिकणे शिक्षकाच्या नोकरीचा भागच झाले आहे. संगणक क्षेत्रात स्थिरावलेले आपले काही माजी विद्यार्थी अलीकडे आम्हांस सुचवितात, की निवासी शाळांत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी व वसतिगृह अधीक्षकांसाठी आपणच एक ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग तयार करावा. सूचना उत्तम आहे. तंत्र त्यांच्या हाती आहे. वर्गाची रचना कशी असावी, याविषयी आमचे विवेचन येथे मांडतो.

अशा चर्चेत पहिला शब्द येतो तो ‘रंजक’. अभ्यासक्रम रंजक हवा, म्हणजे त्यात संगीत हवे, हलती चित्रे हवीत, गुण मिळाल्यावर टाळ्यांचा आवाज हवा. आमच्या मते हा शब्द दिशाभूल करणारा आहे. शिकणारा रंगून जाणे निराळे आणि गुंतून जाणे निराळे. तमाशातही मनुष्य रंगतो. परंतु तेथे त्याला काही करावयाचे नसते. प्रशिक्षणात प्रशिक्षणार्थीची पाळी वारंवार यावी लागते. त्याने काही मांडावे, ते कोणी वाचावे, त्यावर उत्तर यावे. ही पाळी ज्या अभ्यासक्रमात येत नाही, तो कितीही रंगीत असला तरी भिंतीवरचे कॅलेंडरच होय.

आता रचनेकडे वळू. मज्झिम निकायात गणकमोग्गल्लान सुत्त आहे. तथागत श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात असताना मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण त्यांच्या भेटीस आला. गणना शिकविणे हा त्याचा व्यवसाय. त्याने प्रासादाच्या जिन्याकडे बोट दाखवून विचारले, की या जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जसा क्रम दिसतो, तसा तुमच्या धम्मविनयात दाखविता येतो काय? आम्ही गणक लोक शिष्याला प्रथम एकापासून मोजावयास लावतो आणि शंभरापर्यंत नेतो. तथागतांनी होकार दिला. घोडा शिकविणारा आधी त्याला तोंडातील लगामाची सवय करतो, मग पुढचे शिकवितो, हा दृष्टान्त त्यांनी दिला आणि भिक्खूच्या शिक्षणाच्या पायऱ्या सांगितल्या. आधी शील, मग इंद्रियसंयम, मग भोजनातील मात्रा, मग जागृती, मग स्मृती. एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची सांगावयाची.

या सुत्तातील मर्म बारकाईने पाहावे. पायऱ्या ज्ञानाच्या प्रकरणांनुसार पाडलेल्या नाहीत. शिकणाऱ्याला काय करता येऊ लागले, त्यानुसार पाडल्या आहेत. आजचे बहुतेक अभ्यासक्रम याच्या उलट रीतीने बनतात. तज्ज्ञ आपल्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवतो, प्रत्येक प्रकरणाचे चित्रीकरण होते आणि शेवटी प्रश्नावली जोडली जाते. आमचे सांगणे असे, की कॅमेरा उघडण्यापूर्वी एकच वाक्य लिहून काढावे : हा वर्ग पूर्ण केल्यावर शिक्षक सोमवारी सकाळी मुलांसमोर काय करू शकेल? त्या वाक्यापासून मागे मागे येत पायऱ्या पाडाव्यात.

उदाहरण आपल्या गावचेच घेऊ. समजा, ‘गावाच्या पुराव्यांवरून इतिहास शिकविणे’ असा एक घटक करावयाचा आहे. नेवासे म्हटले, की लोकांना ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. येथील लाडमोड टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली, 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले आणि त्याचा विस्तृत अहवाल 1960 साली प्रसिद्ध झाला, हे पुष्कळ नेवासेकरांनाही ठाऊक नसते. प्रवरेच्या काठी अश्मयुगीन हत्यारे मिळाली, ताम्रपाषाण काळातील वस्ती मिळाली, वरच्या थरांत सातवाहन काळाच्या खुणा मिळाल्या. लहान मुलांची दफने घराच्या जमिनीखाली, मातीच्या कुंभांत केलेली आढळली. एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते आणि त्यांत कापसाचे व रेशमाचे तंतू तज्ज्ञांनी ओळखले. पाचवीच्या परिसर अभ्यासात पाषाणयुग येते. ते शिकविताना आपल्या मुलांच्या पायाखालीच पुरावा आहे.

रूढ पद्धतीने हा घटक केला, तर चाळीस मिनिटांचे व्याख्यान होईल, कालखंडांचा तक्ता येईल आणि शेवटी ‘उत्खनन कोणत्या वर्षी सुरू झाले?’ असे दहा प्रश्न विचारले जातील. आम्ही तो असा करू. पडदा उघडताच एकच छायाचित्र दिसावे : तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन कुंभ. त्याखाली प्रश्न, यात काय असेल आणि असे का ठेवले असेल? प्रशिक्षणार्थीने दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचे पान उघडू नये. तर्क चुकला तरी बिघडत नाही. ज्याने तर्क केला आहे, तो उत्तर ऐकावयास उत्सुक असतो. मग पाच-सहा मिनिटांचे निवेदन. एवढेच का, तर ऑनलाइन अभ्यासक्रमांतील सुमारे 69 लाख दृश्यसत्रांचा 2014 साली अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांच्या पुढे व्हिडिओ कितीही लांबविला, तरी पाहणाऱ्यांचे लक्ष सर्वसाधारणपणे त्यापलीकडे टिकत नाही, असे दिसून आले. त्यानंतरचे काम पडद्याबाहेरचे असावे. शिक्षकाने मुलांना गावातील तीन जुन्या वस्तू शोधावयास पाठवावे, मग ते जाते असो, आड असो वा पडक्या भिंतीची वीट. टेकाडावरचे काहीही उचलून आणू नये, हे मात्र बजावून सांगावे. शिक्षकाने परत येऊन वर्गात आपण काय शिकविले हे लिहू नये. मुलांनी काय विचारले, ते लिहावे.

येथेच खरी कसोटी लागते, कारण मुलांचे प्रश्न प्रश्नावलीच्या चार पर्यायांत मावत नाहीत. अंगुत्तर निकायात तथागतांनी प्रश्नांची उत्तरे देण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. काही प्रश्नांना थेट उत्तर द्यावे, काहींची फोड करून उत्तर द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करावा आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. प्रशिक्षणाच्या रचनेसाठी याहून उपयुक्त सूत्र आम्हांस आधुनिक ग्रंथांत आढळले नाही. उत्खनन कोणी केले, याला थेट उत्तर आहे. ते लोक शेतकरी होते काय, याची फोड करावी लागते, कारण ते शेती करीत, गुरे पाळीत आणि शिकारही करीत. मूल घरातच का पुरले, या प्रश्नावर प्रतिप्रश्न करावा : तुमच्याकडे तान्हे बाळ दगावले, तर त्याला जाळतात की पुरतात? आजीला विचारून या.

आणि चौथा प्रश्न असा असतो : “सर, त्या मुलाची जात कोणती?” हा प्रश्न आम्ही वर्गात ऐकला आहे. विचारणारा मुलगा खोडकर नव्हता. त्याच्या जगात प्रत्येक माणसाला जात असते, म्हणून त्याने विचारले. नवखा शिक्षक येथे गोंधळतो. एक तर रागावतो, नाही तर काहीतरी ठोकून देतो. हा प्रश्न बाजूला ठेवावयाचा आहे. परंतु का ठेवावयाचा, ते मुलाला सांगितले पाहिजे. कुंभातील पुरावा त्याविषयी काही बोलत नाही, आणि जात अनादि आहे हे प्रश्नाने आधीच गृहीत धरले आहे. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीच्या उगमाचाच शोध घेतला होता. ज्याचा उगम शोधता येतो, त्याला आरंभ असतो, एवढे सहावीच्या मुलालाही कळते. हा एक प्रश्न शिक्षकाला नीट हाताळता आला, तर संपूर्ण घटकाचा खर्च वसूल झाला, असे आम्ही समजू.

संगणक पहिल्या प्रकारचे प्रश्न तपासतो. उरलेल्या तीन प्रकारांना माणूस लागतो. म्हणून आमचा आग्रह असा, की प्रत्येक पंधरा-वीस प्रशिक्षणार्थींमागे एक मार्गदर्शक असावा आणि त्याने लिहिलेले वाचून दोन दिवसांच्या आत उत्तर द्यावे. चित्रीकरणावरचा खर्च निम्मा करून तो पैसा येथे घालावा. साध्या मोबाइलवर, खिडकीजवळ बसून केलेले निवेदनही चालते. आवाज मात्र स्वच्छ हवा.

प्रश्न केवळ गुण देण्यासाठी नसतात, हेही ध्यानात घ्यावे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा अभ्यासून नंतर तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. तेव्हा दुसऱ्या घटकाच्या आरंभी पहिल्या घटकातील दोन प्रश्न, चौथ्याच्या आरंभी पुन्हा पहिल्यातील एक, अशी पेरणी करावी. आपल्याकडे पाढे याच रीतीने पाठ होत.

वेळेचा विचार रचनेइतकाच महत्त्वाचा आहे. 1946 साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय झाली. संस्थेने आपली घड्याळे विद्यार्थ्याच्या घड्याळाशी जुळवून घेतली. निवासी शाळेतील अधीक्षकाचा दिवस पहाटे मुलांना उठविण्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत चालतो. शिक्षिकेला घरचे आवरून रात्री साडेनऊनंतर अर्धा तास मिळतो. त्यांच्याकडून सायंकाळी सहाच्या थेट सत्राला हजेरीची सक्ती करणारा वर्ग त्यांच्यासाठी नसतोच. घटक वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा असावा, मध्येच सोडून पुन्हा तेथूनच धरता यावा. निवेदन केवळ आवाजाच्या रूपातही मिळावे, म्हणजे कमी डेटात उतरवून घेता येईल आणि एस. टी.त ऐकता येईल. सर्व मजकूर छापील पुस्तिकेतही असावा. ज्याला ऐकू कमी येते, त्याच्यासाठी व्हिडिओखाली मराठी अक्षरे हवीत.

राहता राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. हार्वर्ड आणि एम. आय. टी. यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव नोंदविणाऱ्यांपैकी केवळ 3.13 टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, असे 2019 मधील एका अभ्यासात नोंदले आहे. सक्तीच्या प्रशिक्षणात याच्या उलट घडते. पूर्ण तर जवळपास सर्वजण करतात. परंतु व्हिडिओ एका खोलीत चालू असतो आणि मनुष्य दुसऱ्या खोलीत असतो. प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सॲपवर आधीच फिरत असतात. यात केवळ शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. पुढे सरकवीत नेल्याने जे पूर्ण होते, ते लोक पुढे सरकवीत नेणारच.

मोग्गल्लानानेही तथागतांना हेच विचारले होते : तुमचे सर्व शिष्य निर्वाणाप्रत पोहोचतात काय? काही पोहोचतात, काही नाही, असे उत्तर मिळाले. मग तथागतांनी राजगृहाच्या वाटेचा दृष्टान्त दिला. वाट विचारणाऱ्याला सांगितले, की थोडे चालल्यावर अमुक गाव लागेल, पुढे अमुक पेठेचे गाव लागेल, मग राजगृहाची उद्याने दिसतील. तरी एकजण भलत्याच वाटेने जातो आणि दुसरा नीट पोहोचतो. तथागत हे मार्ग सांगणारे आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा संवाद मार्गदाता आणि मोक्षदाता यांतील भेद दाखविण्यासाठी घेतला आहे. अभ्यासक्रम रचणाऱ्याने त्यातील वाटेवरची गावेही पाहावीत. आपण बरोबर चाललो आहोत, हे वाटसरूला मधल्या खुणांवरून कळते. प्रमाणपत्र वर्ग संपताच देऊ नये. तीन महिन्यांनी द्यावे, आणि त्यासाठी शिक्षकाने आपल्या वर्गात मुलांनी विचारलेले पाच प्रश्न व त्यांना आपण कोणत्या रीतीने उत्तर दिले, एवढे लिहून पाठवावे. ते उत्तरांची यादी फिरवून मिळविता येणार नाही.

पहिली तुकडी वीस जणांचीच असावी, असे आमचे मत आहे, आणि तीत निम्मे अधीक्षक असावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक वा अभियंते आहेत आणि ज्यांना आठवड्यातील दोन सायंकाळी तासभर दुसऱ्याने लिहिलेले वाचून उत्तर देणे शक्य आहे, त्यांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. संगणकाचे ज्ञान त्यासाठी लागत नाही. आपण वसतिगृहात असताना कोणता प्रश्न विचारावासा वाटला आणि विचारता आला नाही, तो एका कागदावर लिहून नावासोबत द्यावा. पहिल्या घटकाचे प्रश्न त्यांतूनच निवडावयाचे आहेत.