पाणी घालण्यापूर्वीची खातरजमा

सिमेंटला पाण्याचा स्पर्श झाला, की त्या क्षणापासून कामाचा काळ गवंड्याच्या हाती राहत नाही. साध्या सिमेंटचे घट्ट होणे पहिल्या 30 मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे खरा; परंतु नाशिकच्या चैत्र-वैशाखातील कोरड्या वाऱ्यात, उघड्यावर पसरलेला कमी पाण्याचा माल त्यानंतर फार काळ मऊ राहत नाही, हे ज्याने घमेल्यात कडक झालेला गोळा एकदा तरी फावड्याने फोडून काढला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. बागेच्या कडा ओतणाऱ्या विजेच्या यंत्राविषयी मला जे सांगावयाचे आहे त्याचे सारे सूत्र या एका गोष्टीत आहे. कालवलेला माल वाया जाऊ नये या एका चिंतेने शहाणी माणसेही चालू यंत्रात हात घालतात, तुटक्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळतात आणि ‘आजच्या दिवस चालू द्या’ असे म्हणतात. सबब जी काही तपासणी करावयाची ती गोणीचे तोंड उघडण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे.

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत, आणि गंगापूर रस्त्यावरील बंगल्यांपासून सिडकोतील वीतभर अंगणांपर्यंत बागेची हौस या शहराने अद्याप सोडलेली नाही. पूर्वी ताटव्याच्या कडेने तिरप्या विटा पुरल्या, किंवा चुना फासलेले काळे दगड ओळीने मांडले, की काम भागत असे. अलीकडे हिरवळ व ताटवा यांच्यामधून सलग, वळणे घेत जाणारी काँक्रीटची कड लोकांना हवीशी वाटू लागली आहे. महामार्गाच्या दुभाजकाची कड ओतणारे डिझेलचे अवजड यंत्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ऑस्ट्रेलिया व अमेरिका या देशांत घरगुती बागांसाठी त्याच धर्तीची लहान यंत्रे पुष्कळ वापरात आहेत, आणि त्यांपैकी विजेवर चालणारे यंत्र आपल्याकडेही एखादा ठेकेदार भाड्याने घेऊन येतो. त्याची रचना साधी आहे. वर पाभरीच्या चाड्यासारखे पसरट तोंडाचे पात्र असते, त्यात माल टाकावयाचा. खाली साधारण एक अश्वशक्तीच्या मोटरीने मागेपुढे होणारा दट्ट्या तो माल साच्यातून दाबून बाहेर ढकलतो. आणि बाहेर पडलेल्या त्या घट्ट मालालाच रेटा देऊन यंत्र आपोआप पुढे सरकते. चालकाचे काम वळण सांभाळणे एवढेच. हे सोपेपणच मला धोक्याचे वाटते, कारण ज्या यंत्राला बळ लावावे लागत नाही त्याच्याविषयी भीतीही उरत नाही.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या उद्यानाचा कारभार काही काळ मजकडे होता, त्या अवधीत हे यंत्र आमच्या आवारात आले. काम सकाळी सुरू झाले. पंपाच्या खोलीतील जुन्या खटक्यापासून हिरवळीवरून एक लांब वायर टाकण्यात आली. ती दोनच तारांची होती, मध्यावर जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि यंत्राच्या तीन पायांच्या प्लगमधील जाड पाय, म्हणजेच जमिनीशी संबंध राखणारा पाय, कोणीतरी पूर्वीच मोडून टाकला होता. आमच्या येथील एका वायरमनने त्याबद्दल हरकत घेतली, तेव्हा मुकादम हसून म्हणाला, “काय होत नाही दादा, सगळीकडं असंच चालतंय.” दुपारपर्यंत काही झाले नाही, हेही खरे. पुढे एका वळणावर दट्ट्यात खडीचा तुकडा अडकून यंत्र अडले. वाफ्याशेजारी कालवलेला ढीग उन्हात सुकू लागला, हाकाटी सुरू झाली, आणि यंत्र बंद न करताच ते मागेपुढे हलवताना वायर जेथे मोटरीच्या पेटीत शिरते तेथील वेष्टन पत्र्याच्या कडेला घासून फाटले. यंत्राचा सांगाडा त्या घटकेपासून विजेने भारलेला होता. मुकादमाच्या पायांत कोरडे गमबूट असल्यामुळे त्याला कळले नाही. घमेले घेऊन आलेला पोरगेला बिगारी अनवाणी होता, हिरवळ नुकतीच भिजवलेली होती. त्याने पात्राच्या कडेवर हात टेकला आणि तो हात त्याला सोडवेना. त्या वायरमनने धावत जाऊन पंपाच्या खोलीतला प्लग उपटला म्हणून मुलगा वाचला. तळहाताला भाजल्याची खूण आणि रुग्णालयात देखरेखीखाली काढलेली एक रात्र एवढ्यावर निभावले.

सायंकाळी जो तो एकच प्रश्न विचारीत होता, की खटका पडला कसा नाही? या प्रश्नाच्या उत्तरातच अर्धे शहाणपण आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. आपल्या घरातील साधा स्वयंचलित खटका, ज्याला एमसीबी म्हणतात, तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणूस वाचवणे हे त्याचे कामच नव्हे. 16 अँपिअरचा खटका 16 अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्याखेरीज हलत नाही, आणि माणसाच्या छातीतून जेमतेम 30 मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह काही काळ गेला, तरी हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. बरे, जमिनीची तार शाबूत असती तर सर्व निभावले असते काय? तेही खात्रीने सांगता येत नाही. आपल्या भागात वरवरच्या मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण. मीठ-कोळसा भरलेले अर्थिंगचे जुने खड्डे उन्हाळ्यात कोरडे पडतात, आणि त्यांचा रोध वाढत जातो. तो समजा 20 ओहम झाला, तर 230 व्होल्टचा दाब त्यातून 11.5 अँपिअर एवढाच प्रवाह ढकलू शकतो; 16 अँपिअरचा खटका तो निमूटपणे पाहत राहतो, आणि यंत्राचा सांगाडा भारलेलाच राहतो. याला इलाज एकच, आणि तो म्हणजे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला बाजारात पुष्कळजण अद्याप ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांचा तो सतत हिशेब ठेवतो, आणि त्यात तूट आढळली की निमिषार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग चांगले असेल, तर बिघाड होताच, कोणी हात लावण्यापूर्वीच तो पडतो. अर्थिंग नसेल, तर हात लागल्यावर पडतो. दोन्ही असावीत, हे मी वेगळे सांगत नाही.

झाल्या प्रकाराची चौकशी होऊन संस्थेने एक टिपण तयार केले, ते बव्हंशी माझ्या हातचे आहे. त्यातील मजकूर थोड्या फरकाने येथे उतरवतो. यंत्र आवारात येण्याच्या आदल्या दिवशी परवानाधारक वायरमनला बोलावून ज्या जागेतून वीज घ्यावयाची तेथील अर्थिंगचा रोध उपकरणाने मोजून घ्यावा, आणि आरसीसीबीवरील चाचणीची कळ दाबून तो पडतो की नाही याची खातरजमा करावी. घरात आरसीसीबी नसेल, तर तो बसवलेली फिरती पेटी ठेकेदाराकडून आणवावी. वायर तीन तारांची, जाड रबरी वेष्टनाची व अखंड असावी. उघड्यावर पट्टी गुंडाळलेला एकही जोड त्यात चालवून घेऊ नये. तिच्या जाडीबाबतही कंजुषी करू नये. 30 मीटर लांबीच्या एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे 1.1 ओहम भरतो. चालू स्थितीत सहा अँपिअर घेणारी मोटर सुरू होताना त्याच्या पाच-सहापट प्रवाह ओढते, तेव्हा वाटेतच 35 व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो, मोटर घुमते, तापते, आणि अडलेल्या मालापुढे हात टेकते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच तूट 14 व्होल्टच्या आसपास येते. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. ती संपूर्ण उलगडावी, ओल्या हिरवळीवरून न नेता भिंतीच्या कडेने न्यावी, आणि वाट ओलांडायची तेथे फळीखालून घ्यावी. आभाळ भरून आले असता विजेचे यंत्र बाहेर काढू नये, याला ज्येष्ठ-आषाढात तरी अपवाद नाही.

जमिनीचीही चौकशी आधीच करावी. बागेखालून ठिबकच्या नळ्या, दिव्यांच्या तारा, पाण्याची जोडणी आणि हल्ली कोठे कोठे गॅसची नळीही गेलेली असते; नकाशा असल्यास तो दप्तरातून काढावा, नसल्यास हाताने, कुदळीचा हलका वापर करून, आखलेल्या रेघेवर जागोजाग पाहून घ्यावे. काळ्या मातीचा वरचा थर, सुमारे दहा सेंटिमीटर, काढून तेथे मुरूम भरावा, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा, व पट्टा साच्याहून थोडा रुंद ठेवावा, म्हणजे यंत्राची चाके सपाटीवर चालतील. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर थेट ओतलेली कड पहिल्याच वर्षी मधोमध उचलली जाते, मग ती कितीही चांगल्या मालाची असो. सखल बाजूला पाणी निघून जाण्यास फटी ठेवावयास विसरू नये. नाही तर सुंदर कडेच्या आत गुलाबांची मुळे कुजतात.

आता यंत्राविषयी. पट्ट्यावरचे व पुलीवरचे झाकण जागेवर नसेल तर ते यंत्र परत पाठवावे. भाड्याचे पैसे गेले तरी बेहत्तर. पात्रातला माल खाली सरकत नाही असे दिसले, की बोटाने किंवा थापीने ढोसण्याचा मोह होतो, आणि नेमका तेथेच दट्ट्या फिरत असतो. बोटे जाण्यास त्याला एक फेरा पुरतो. म्हणून नियम असा करावा, की अडथळा काढणे, साचा बदलणे, धुणे यांपैकी कोणत्याही कामाला प्लग उपटून तो चालकाच्या नजरेसमोर ठेवल्याशिवाय हात लागणार नाही. केवळ खटका बंद करणे पुरेसे मानू नये, कारण दूरचा खटका दुसरा कोणी अनवधानाने चालू करू शकतो. प्लगपाशी एक जाणता इसम उभा करावा, आणि त्याला दुसरे काम सांगू नये. यंत्र वाहनातून उतरवताना दोघातिघांनी उचलावे.

मालाबद्दल थोडे. सिमेंटच्या एका घमेल्यास तीन ते चार घमेली वाळू किंवा बारीक कच, आणि पाणी इतकेच, की मुठीत दाबलेला गोळा मोडू नये व तळहाताला फक्त ओल लागावी. ज्याला स्लॅबच्या पातळ मालाची सवय आहे त्याला तो कोरडा वाटेल. परंतु पातळ माल साच्यातून निघून बसतो, आणि त्याला रेटा देऊन यंत्र पुढेही जात नाही. थोडे थोडे कालवावे. एका वेळी वीस मिनिटांत संपेल इतकाच माल तयार ठेवला, तर यंत्र अडल्यावर ते शांतपणे बंद करून उघडण्यास मन धजते, आणि फेकावे लागले तरी चारदोन घमेल्यांवर भागते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते; त्याने भिजलेल्या कापडावर गुडघे टेकून तासभर रंधा मारणाऱ्याची कातडी जळते, तेव्हा लगेच दुखतही नाही. हातमोजे, गमबूट, गुडघ्यांना जाड रबर आणि डोळ्यांना चष्मा हे सर्व बिगाऱ्यालाही मिळाले पाहिजे, केवळ मुकादमाला नव्हे. दर साठ ते नव्वद सेंटिमीटरवर, उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका तरी खोल काप माल ओला असतानाच थापीने द्यावा. वाळल्यावर ग्राइंडरने कापण्याची वेळ आली, की धुळीचा आणि विजेचा असा दुहेरी धोका नव्याने अंगावर येतो. मग ओली गोणपाटे. बाजारातील पुष्कळसे सिमेंट औष्णिक केंद्रांतील राख मिसळलेले असते. त्यास, आणि उष्ण कोरड्या हवेत कोणत्याही सिमेंटास, निदान दहा दिवस पाणी मारावे, असे काँक्रीटचे 2000 सालचे भारतीय मानक सांगते. मार्गशीर्ष-पौषातील सकाळ या कामास सर्वांत अनुकूल.

इतके करूनही कोणास झटका बसलाच, तर त्याला हात न लावता प्रथम प्लग उपटावा किंवा मुख्य खटका पाडावा; ते अशक्य असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला यंत्रापासून दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यावर जोराने, जलद आणि न थांबता दाब देत राहावे व दुसऱ्याने 108 क्रमांक फिरवावा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला डॉक्टरांकडे नेऊन हृदयाचा आलेख काढवावा. मुलगा हसू लागताच ‘काही नाही, पाणी पाजा’ म्हणणारे आमच्याही येथे होते.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात आपल्या बागेसाठी कोणी हे यंत्र भाड्याने घेणार असेल, तर भाव ठरवतानाच तीन तारांची अखंड वायर, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची पेटी, शाबूत झाकणे आणि प्रत्येक मजुरासाठी गमबूट या चार बाबी करारात लेखी घालून घ्याव्यात, आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या स्वतः डोळ्यांनी पाहाव्यात. ठेकेदाराने नकार दिला, तर दुसरा ठेकेदार पाहावा. दुसरा न मिळाल्यास तिरप्या विटाही वाईट दिसत नाहीत.