शिक्का जुना, नळी आजची

वारशाने आलेली बारा बोअरची विलायती दुनळी पाहिली की बारामती-इंदापूरकडे आधी नळीखालचा शिक्का वाचतात आणि पारख झाली असं धरून चालतात. शिकार बंद झाल्यापासून कडबनवाडीच्या माळावर किंवा उजनीच्या पाण्यावर बार निघत नाही. बंदूक कपाटातून निघते ती निवडणुकीआधी पोलीस ठाण्यात जमा करायला. म्हणून आतलं दुखणं कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, की शिक्का नळी पारखली त्या दिवसाचा असतो. पुढे आतून काय घासलं गेलं ते त्याला ठाऊक नसतं. १८८७ नंतरच्या इंग्रजी शिक्क्यांत १३ म्हणजे आतला व्यास ०.७१० इंच आणि १२ म्हणजे ०.७२९ इंच. नळीच्या मागच्या टोकापासून ९ इंचांवर माप घ्या. शिक्का १३ चा आणि माप ०.७२९ इंच भरलं, तर गंजाचे खड्डे घालवताना मधलं लोखंड गेलेलं आहे. अशी नळी पुन्हा पारखून घेईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नये.

‘बदल खुद्द कंपनीनेच केलाय’ हे उत्तर नेहमी मिळतं, आणि ते निम्मं खरं आहे. चोक म्हणजे तोंडाजवळचा इंच-दोन इंचांचा आवळ भाग. पूर्ण चोक असेल तर ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे बसतात, अजिबात नसेल तर सुमारे ४० टक्के. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून चोक मोकळा करून देणं हे नावाजलेल्या कारखान्यांचंही रोजचं काम होतं. त्याने छर्रे जास्त पसरतात, नळी सहसा धोक्यात येत नाही. सगळ्यात जास्त दाब काडतुसाच्या घराजवळ असतो. पण सबंध नळी घासली की तिथलीच भिंत पातळ होते. म्हणून कंपनीचा कागद असला तरी भिंतीची जाडी परवानाधारक कारागिराकडून मोजून, आकडे लिहून घ्यावेत.

तोंडाकडूनही पाहा. दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या नसून मधली फट डाखाने बुजवलेली दिसली, तर नळी कापलेली असण्याचा दाट संशय घ्या. चोक त्या तुकड्याबरोबरच गेला. परवान्याशिवाय नळी आखूड करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ ने मनाई आहे.

‘आजोबांपासून उडतेय, काही झालं नाही’ असंही म्हणतात. आजोबांच्या काळी भिंत जाड होती, आणि बऱ्याच जुन्या बंदुकींचं घर अडीच इंची काडतुसाचं असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो.