थंडीत टाचा का फुटतात?

थंडी पडली की आपल्या वर्गात पाटीची गरजच लागत नाही. पायाच्या नडगीवर नखाने ओढले की पांढरी रेघ उमटते. परवा मधल्या सुट्टीत दोघांनी तर त्यावर फुली-गोळ्याचा डाव मांडला! आम्ही हसत होतो. गुरुजी म्हणाले, "ही पाटी कशी तयार झाली ते शोधा आणि भित्तिपत्रकात लिहा." म्हणून हा लेख.

आपली कातडी वरून एकसारखी दिसते, पण तिला थर असतात. सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. ओलावा आणि थोडा तेलकटपणा असेल तोवर तो मऊ राहतो. हिवाळ्यातली हवा कोरडी असते. ती ओले कपडे वाळवते तशीच कातडीतला ओलावाही ओढून घेते. मग वरचे पापुद्रे सुटू लागतात आणि अंग पांढुरके दिसते. आपण नखाने ओढतो ती त्याचीच भुकटी, बरं का!

आता टाचेकडे येऊ. आपल्या अंगावर जवळजवळ सगळीकडे तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांना मात्र त्या नसतात. म्हणजे टाचेला घरचे तेल नाहीच. त्यात तिथली कातडी जाड. आपले भाताचे खाचर आठवा. पावसात त्यात पाय रुततो, आणि पाणी आटले की तीच माती आकसून भेगाळते. टाचेचे तसेच होते. चालताना अंगाचा भार पडला की टाच बाजूंना पसरते. मऊ कातडी ताणली जाते, कोरडी कातडी फाटते. आणि आपल्या मुळशीत भाताची कापणी-झोडणी नेमकी थंडीच्या तोंडावर येते. अनवाणी पाय, माती, धसकटे. मग काय विचारता!

काही चुका आपणच करतो. बंबातले कढत पाणी अंगावर घेतो, कपड्याचा साबण तोंडाला लावतो. त्याने होते ते तेलही धुऊन जाते. ओठ सुकले की जिभेने चाटतो, ते आणखी फुटतात. शेकोटीला रोज अगदी खेटून बसले तर पायावर जाळीसारखे काळसर डाग पडतात, तेही लक्षात ठेवा.

दिवाळीत पहाटे तेल लावून अंघोळ करतो, पण पुढे संक्रांतीपर्यंत तेलाची बाटली कोण काढतो? खरे तर तेल लावायचे ते अंग किंचित ओले असताना. तेल हे झाकण आहे. आत पाणी असेल तरच झाकणाचा उपयोग. मी आठ दिवस प्रयोग केला. रात्री दोन्ही पाय धुतले. डाव्या टाचेला ओलसर असतानाच खोबरेल लावले, उजवी तशीच ठेवली. आठव्या दिवशी डावी मऊ झाली होती. उजवी गोधडीच्या दोऱ्यात अडकत होती.

ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले की कोकमतेल मिळते. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेले तेल गार झाले की घट्ट होते, त्याचे गोळे वळतात. गोळा ऊब देऊन पातळ करायचा आणि भेगेत भरायचा.

व्हॅसलीनची गोष्ट तर गमतीची आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर लागली. तिथे पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा राप धरायचा. मजूर त्याला वैतागत, पण कापले-भाजले की तोच लावत. रॉबर्ट चेसब्रो याने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतले. म्हणून कोणी भेगेत डिझेल किंवा ग्रीस भरू नका हं! ते औषध नव्हे, त्याने कातडीला इजा होते. ब्लेडने टाच तासू नका. पाय कोमट पाण्यात भिजवून वजरीने हलके घासणे पुरे.

आमच्या आजीला साखरेचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी झोडणीच्या वेळी तिची टाच फुटली. आई म्हणाली, "दवाखान्यात जाऊ." आजी म्हणाली, "भेगा काय, दर साली असतात. दुखत तर नाही." पाय सुजला, वास येऊ लागला, तरी दुखेना. डॉक्टरांनी सांगितले, दुखत नव्हते हेच वाईट. या आजारात पायाची जाणीव कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही. आणि भेगेतून जंतू आत शिरतात. आणखी उशीर झाला असता तर बोटे कापावी लागली असती. दीड महिना पट्टी चालली.

आता ती घरातही चप्पल घालते. तिला वाकून आपला तळवा दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आहे. रोज रात्री मी बॅटरी घेऊन तिचे दोन्ही पाय बघतो, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग टाचांना कोकमतेल. बेचक्यात तेल लावायचे नाही, तिथे कोरडेच ठेवायचे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आजीला गुदगुल्या होत नाहीत. मी दर वेळी करून बघतो.

— इयत्ता सातवी