पुढे मामा उभे आहेत!

डिपर द्यायचा की नाही, हा तुझा प्रश्न वाटतो तेवढा बावळट नाही गं. गाडी हातात येऊन वर्षही झालं नाही आणि रोज सावेडी ते सुपा एमआयडीसी. केडगाव मागे पडलं की चास, मग कामरगाव, आणि मध्येच दुभाजकापलीकडून एखादा इनोव्हावाला भर उन्हात दोनदा लाइट मारून जातो. नवख्या माणसाला वाटतं, आपलं बोनेट उघडं राहिलं की काय! मग पुढे झाडाच्या सावलीत महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर दिसते आणि उलगडा होतो. ओळख ना पाळख, तरी त्या बाबाने आपले पैसे वाचवले. छान वाटतं. आता आपणही समोरच्याला सांगितलं नाही तर आपण फारच आपमतलबी, असं तुझं म्हणणं.

आधी एक कबूल करू. पोलिसांविषयी लोक जे बोलतात ते सगळंच खोटं नसतं. गाडी आपोआप वेग घेते त्या उताराच्या पायथ्याशीच गन लावलेली असते आणि वेगमर्यादेची पाटी बाभळीच्या फांदीआड गेलेली असते. मग माणूस याला सुरक्षा म्हणेल की वसुली? नगर-मनमाड रस्त्याचं तर बोलायलाच नको. तिथे वेग पकडायचा तर आधी रस्ता हवा. खड्डे चुकवत राहुरी गाठणाऱ्याला वेगावर प्रवचन दिलं तर तो खाली उतरून भांडेल.

आणि गंमत म्हणजे, सावध करणं हे काही कायद्याच्या विरुद्ध टोकाचं काम नाही. केंद्र सरकारने ११ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचना काढून मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. कॅमेरा किंवा स्पीडगनने लक्ष ठेवलं जातं त्या पट्ट्याच्या आधी लोकांना दिसेल अशी सूचना लावायची, हे त्यात राज्य सरकारवर बंधन आहे. म्हणजे ‘इथे वेग मोजला जातो’ हे सांगायचं काम सरकारनेच अंगावर घेतलंय. मोटार वाहन कायद्यात डिपर देऊन सावध केल्याबद्दल वेगळं कलमही नाही. मात्र एखादा पोलीस अगदीच इरेला पेटला, तर सरकारी नोकराला कामात अडथळा आणल्याचं भारतीय न्याय संहितेतलं २२१ वं कलम तो काढू शकतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते लागू पडेल की नाही हा वकिलांचा खल, आपण त्यात नको पडायला.

हा खल जुना आहे बरं का. इंग्लंडमध्ये १९०५ साली मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली, तीच मुळी पोलिसांच्या वेगसापळ्यांना वैतागून. त्यांची माणसं सायकलवर फिरायची आणि सभासदांना पुढचा सापळा सांगायची. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की वेगात चाललेल्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग या पठ्ठ्यांनी काय करावं? सभासदाची गाडी दिसली की एरवी कडक सलाम ठोकायचा. ज्या दिवशी सलाम नाही, त्या दिवशी समजायचं की पुढे काहीतरी आहे. सलाम न केल्याबद्दल कुणाला कोर्टात कसं खेचणार? उलट अमेरिकेत मिझुरीतल्या एका न्यायाधीशांनी २०१४ मध्ये लाइट मारणाऱ्याची बाजू घेतली, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. तेव्हा कायद्याच्या जिवावर तुला हो किंवा नाही सांगणं मला जमणार नाही. मी सांगते ते माझ्या मनचं.

मी देत नाही. तूही देऊ नकोस.

त्याचं कारण असं. पाटी सांगते की हा अख्खा पट्टा धोक्याचा, इथे नेहमी हळू चाल. तुझा डिपर सांगतो की आज, आत्ता, त्या वळणापर्यंतच सांभाळ, नंतर रान मोकळं. एकदा इंटरसेप्टर ओलांडल्यावर आरशात बघ. शहाण्यासारख्या ऐंशीने ओळीत चाललेल्या गाड्या किलोमीटरभरात पुन्हा शंभराच्या वर. ब्रेक दाबला गेला तो मामांसाठी, कामरगावात रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या आजीसाठी नाही. ‘मामा कुठेही असू शकतात’ ही धाकधूक एवढंच त्यांच्या हाती असतं, आणि आपण ती फुकटात घालवतो.

दुसरं म्हणजे, लाइट काही माणूस बघून पडत नाही. तुझ्या डोळ्यांसमोर कोण असतं? तुझ्यासारखीच कुणीतरी, कामावर उशीर झालेली, नव्वदच्या जागी शंभरने निघालेली. पण तिच्या मागे ढाब्यावरून पिऊन निघालेला असेल तर? चोरीची गाडी असेल तर? रात्रीची नाकाबंदी नुसत्या वेगासाठी नसते. आपल्या जिल्ह्यात तर हे समजावून सांगायलाच नको. मुळा, प्रवरा, गोदावरीच्या काठी वाळूचोरांनी हाच धंदा मांडलाय. तहसीलची गाडी निघाली की चौकातला पोरगा मोबाइलवर ‘लोकेशन’ टाकतो, आणि पथक नदीत पोचेपर्यंत डंपर पसार. त्या पोराला आपण खबऱ्या म्हणतो, नावं ठेवतो. तुझ्या कंपनीतल्या त्या ‘हायवे अपडेट’ ग्रुपवर कुणी टाकतं, ‘सुप्याच्या अलीकडे मामा उभे’, तेव्हा तू अंगठा देतेस. हेतू वेगळा आहे, मान्य. पण तो मेसेज पुढे कुणाकुणाच्या हाती जातो, ते तुला कुठे माहीत असतं? निदान नाकाबंदीचं तरी कधीही कुणाला कळवू नकोस. तिथे माझं ‘वाटलं तर बघ’ नाही.

आणि डिपर ही गोष्ट रात्री तर फार जपून वापरायची. अरुंद पुलावर समोरच्या ट्रकवाल्याला तुझ्या डिपरचा अर्थ ‘थांब, मी येतेय’ असा लागतो. कुणाला तो ‘तू ये’ असा लागतो. कुणाला वाटतं, अप्परने डोळे दिपवले म्हणून बाई चिडली. ‘पुढे पोलीस आहेत’ हा चौथा अर्थ त्यात तू कशाला कोंबतेस?

मग डिपर द्यायचाच नाही का? द्यायचा की! माहेरी राहुरीला येशील तेव्हा गळीत हंगाम असेल. कारखान्याकडे निघालेली उसाची डबल ट्रॉली मागून कधी नीट बघितलीयेस? लोंबणाऱ्या वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला, टेललाइटचा पत्ता नाही, आणि ट्रॅक्टरवर टेप एवढ्या मोठ्याने की तुझा हॉर्न त्याच्या कानात शिरायचा नाही. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. काळ्या रस्त्यावर तो काळा ढीग ओळखू येईस्तोवर अठ्ठावीस मीटर कधीच संपलेले असतात. अशी ट्रॉली वळणाआड बंद पडलेली दिसली, तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला लाइट मार, हात बाहेर काढून खुणा कर, हवं तर कडेला थांबून ११२ ला फोन लाव. दिंडी दिसली तरी तेच. शिर्डीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या पालख्या आपल्याकडे बाराही महिने रस्त्याने चालतात. २०२३ च्या डिसेंबरात संगमनेर तालुक्यात पुणे-नाशिक महामार्गावर शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीत कंटेनर घुसला आणि चार वारकरी गेले. पुढे माणसं पायी चाललीत, हे ज्याला सांगशील तो त्या क्षणी मनात चार शिव्या घालेल. घालू दे.

आता तुझ्या मनातली खरी भीती बोलू? दंडाचं तुला काही नाही, कायद्याने कारला तो हजार ते दोन हजार. गाडी आमच्या जावईबापूंच्या नावावर, म्हणून चलानाचा मेसेज पडतो त्यांच्या मोबाइलवर, खाली फोटोची लिंक. फोटोत नंबरप्लेट, ठिकाण, वेळ आणि वेगाचा आकडा, सगळं आलं. मग संध्याकाळी जेवताना सासूबाईंसमोर ‘आज मॅडम एकशे चारने गेल्या’ हे ऐकावं लागतं. त्यापेक्षा इनोव्हावाल्याचा डिपर गोड लागणारच!

त्याला माझ्याकडे दोन उपाय आहेत. सकाळी दहा मिनिटं आधी निघ. डबा रात्रीच भरून ठेवलास तर सहज जमतं, भाजी तेवढी सकाळी फोडणीला टाक. आणि चलान आलं तर भरून टाकण्याआधी फोटोतली नंबरप्लेट आपलीच आहे ना ते बघ, कधीकधी एका आकड्याच्या फरकाने दुसऱ्याचं आपल्या माथी येतं. चुकीचं असेल तर महाट्रॅफिकवर तक्रार टाकता येते, कट्ट्यावर बसून पोलिसांना शिव्या देण्यापेक्षा ते बरं. आणि हो, गाडीच्या नोंदणीला मोबाइल नंबर तुझा जोडून घे. जावईबापूंनी कारण विचारलं तर सांग, ताईने सांगितलंय.