चिवड्याचा डबा आणि एक वही

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलेलं. दिवा न लावता, फ्रीजच्या उजेडात प्रस्तुत लेखिकेनं आधी दोन बेसनलाडू संपवले, मग तूपसाखर लावून उरलेल्या पोळ्या, मग तळ दिसेपर्यंत चिवडा. भूक कधीच भागली होती. हात थांबत नव्हता. सकाळी डबा गुपचूप भरून ठेवायचा आणि जाहीर करायचं, ‘आजपासून रात्रीचं जेवण बंद!’ चार वर्षं हेच.

‘जिभेवर ताबा हवा,’ घरचे म्हणत. तिलाही ते पटे, आणि घोळ तिथेच होता.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपण थट्टेनं म्हणतो, पण या अनावर खाण्याच्या (बिंज ईटिंगच्या) दुखण्याचं निम्मं मर्म त्यात आहे. कडक नेम करायचा. एक लाडू पोटात गेला की ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणून सगळंच खायचं. मग पश्चात्तापापोटी नेम आणखी कडक. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी हे चक्र उलगडून १९९५ साली ‘ओव्हरकमिंग बिंज ईटिंग’ हे स्वयंमदतीचं पुस्तक लिहिलं. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०१७ची मार्गदर्शिकाही प्रौढांना आधी अशाच स्वयंमदतीची वाट दाखवते. जोडीला जाणकाराच्या छोट्या भेटी : १६ आठवड्यांत ४ ते ९, प्रत्येकी सुमारे २० मिनिटांच्या.

या स्वयंमदतीचं साधन म्हणजे एक वही. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, तेव्हा मनात काय होतं. अती झालंसं वाटलं तर शेजारी चांदणी. लेखिका पहिला आठवडा हे सगळं रात्री आठवून लिहीत होती. व्यर्थ! रात्रीची आठवण फार सोयीची असते. खाताखाताच लिहायला लागल्यावर दिसलं, की चांदण्या पडल्या त्या प्रत्येक दिवशी दुपारच्या डब्यानंतर पोटात नुसता चहा होता.

मग नियम एकच : तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, आणि चार तासांपेक्षा मोठा खंड नाही. पाच वाजता केळं किंवा मूठभर फुटाणे. वजन वाढेल ही भीती होतीच, म्हणून काटा आठवड्यातून एकदाच. उपचार चालू असताना वजन उतरवायच्या मागे लागू नये, असंही ती मार्गदर्शिका बजावते.

खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर मात्र वहीवर विसंबू नये. थेट डॉक्टर गाठावेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनामूल्य.

सातव्या आठवड्यात दिवाळी आली आणि एका रात्री चकल्यांचा डबा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी लेखिकेनं उपास धरला नाही. नेहमीच्या वेळी पोहे खाल्ले. त्या पानावर चांदणी आहे, आणि चकलीच्या तेलाचा डागही.