बुश, बोअर आणि मिस्त्रींची व्हायवा

‘फिट्स अँड टॉलरन्सेस’ हा टॉपिक आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. एच7/पी6 म्हणजे इंटरफिअरन्स फिट, एच7/जी6 म्हणजे क्लिअरन्स फिट. पेपरात लिहिलं, मार्क पडले, विषय संपला. माझ्यासाठी तो खरा सुरू झाला गणपतीच्या सुट्टीत, आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये.

आमच्या घरी जुना बी-275 ट्रॅक्टर आहे. मूळ डिझाइन इंग्लंडमधलं, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं. 1963 मध्ये महिंद्रची त्यांच्याशी भागीदारी झाली आणि पुढे हे मॉडेल मुंबईत बनू लागलं. आमचा ट्रॅक्टर आजोबांनी सेकंडहँड घेतलेला. पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, त्यामुळे एक चाक ढेकळावर चढलं तरी ट्रॅक्टर कलत नाही. त्या पिनभोवतीचा बुश पार झिजला होता. स्टिअरिंग आपण धरायचं आणि ट्रॅक्टर त्याच्या मनाने जायचा. तालुक्याच्या दुकानात बुश मिळाला नाही. दादा म्हणाले, “ज्वारीच्या पेरणीआधी झालं तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.” आजोबा काहीच बोलले नाहीत. मीच बोलून गेलो, “बुश मी करतो.”

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅक दिला आणि इंजिनखाली लाकडी ठोकळे रचले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नका. मग ॲक्सल उतरवला.

पहिला धडा मापाचा. जुन्या बुशाला व्हर्नियर लावला तर प्रत्येक बाजूला वेगळं रीडिंग, बोअर अंडाकृती झालेला. पिन मधोमध 31.3 मिमी. हेच माप धरून बसणार होतो, पण पिनेच्या टोकाला, जिथे बुश घासतच नाही, तिथे रीडिंग आलं 31.74. तेव्हा ट्यूब पेटली. सव्वा इंच म्हणजे 31.75 मिमी! झिजलेला पार्ट आपली झीज सांगतो, मूळ माप सांगत नाही. ते न घासलेल्या जागी शोधायचं. आणि गाडी जुनी, इंग्लिश असेल तर आधी इंचात विचार करायचा. ॲक्सलमधलं बुश बसायचं भोक 38.12 मिमी भरलं. ते शाबूत होतं.

दुसरा धडा मटेरियलचा. पिन ईएन8 च्या बारमधून नवी केली, बुश गनमेटलचा. बुश मुद्दाम मऊ ठेवायचा. झिजायचं तर त्याने झिजावं, पिनेने आणि ॲक्सलने नाही.

तिसरा धडा महागात पडला. मिस्त्रींच्या लेथवर मी बुश केला. बाहेरून 38.16, म्हणजे 0.04 चा इंटरफिअरन्स. आतून 31.77. पिन हातात घालून पाहिली, काय झकास बसली! मिस्त्री नुसते हसले. मला वाटलं, कौतुक आहे.

घरी बुश ॲक्सलमध्ये दाबून बसवला. पिन जाईना. हातोडीने ठोकली तर अर्ध्यात अडकली. ती काढता काढता रात्र झाली आणि बुश हॅकसॉ ब्लेडने आतून कापून काढावा लागला. दादा काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

सकाळी तुकडे घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “इंजिनियर, बाहेरून आवळलं की आतून कमी होणार. बांगडी दाबली तर हात जाईल का?” बरोबर होतं. जाड ॲक्सल काही फुगत नाही, त्यामुळे जवळपास सगळा इंटरफिअरन्स बोअरमधून वजा होतो. 31.77 चं झालं होतं 31.73. शिवाय 0.02 चा क्लिअरन्स मशीनच्या स्पिंडलला शोभतो. चिखलात हळूहळू झुलणाऱ्या पिनेला ग्रीससाठी जागा लागते.

दुसरा बुश आतून 31.6 वरच सोडला. ग्रीसचं भोक आधी पाडलं, आतली खाच दोन्ही टोकांच्या अलीकडेच थांबवली, नाहीतर ग्रीस सरळ बाहेर. भोक निपलच्या समोर यावं म्हणून बुशाच्या तोंडावर खूण केली. हातोडी न वापरता लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट लावून बुश हळूहळू आत ओढला. मग मिस्त्रींचा ॲडजस्टेबल हँड रीमर थोडा थोडा वाढवत बोअर 31.85 वर आणला. पिन ग्रीस लावून हाताने आत गेली.

एक सांगून ठेवतो. बुश, स्पेसर, वॉशर घरी करा. स्टिअरिंगचा आर्म किंवा ब्रेकचा पार्ट घरी बनवायच्या फंदात पडू नका. तिथली चूक हॅकसॉ ब्लेडने निस्तरत नाही.

ज्वारी आमच्याच ट्रॅक्टरने पेरली. पहिला फेरा आजोबांनी मारला. पिनेला ग्रीस द्यायचं काम आता ते कोणाला करू देत नाहीत.

पुढच्या व्हायवात सरांनी इंटरफिअरन्स फिट विचारला, तर व्याख्या सांगेनच. पण डोळ्यांसमोर येतील ते त्या बुशाचे तुकडे.