उद्यांच्या शाळेचा पाया

आजच्या मुलांचीं डोकीं मोजून बांधलेली शाळा थोड्याच वर्षांत अपुरी पडते. म्हणून आधीं जागेचा विचार करावा. पुण्याजवळील हिंगण्याचें उदाहरण घ्या. विधवांसाठीं काढलेला आपला आश्रम धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं तेथें हलविला, तेव्हां इमारत म्हणजे एक झोंपडी होती. परंतु भोंवतीं दानांत मिळालेली सहा एकर जमीन होती. पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठाचें पहिलें महाविद्यालय हिंगण्यासच निघालें. झोंपडी लहान होती, दृष्टि लहान नव्हती.

योजना आखतांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पाया दुसऱ्या मजल्याचें ओझें पेलेल असा घालावा. तो मागाहून वाढविणें फार खर्चाचें असतें. पिण्याचें पाणी व सांडपाणी यांची सोय भिंतींच्या आधीं ठरवावी. क्रीडांगणावर खोल्या बांधण्याचा मोह आवरावा. गेलेलें मैदान परत मिळत नाहीं. आणि दुरुस्तीसाठीं दरसाल कांहीं रक्कम बाजूस काढावी, नाहीं तर गळक्या कौलांतून सारा खर्च वाहून जातो.

पालकहो, आपण दिलेल्या वर्गणीच्या खोलींत कदाचित् आपला मुलगा बसणार नाहीं. शेजाऱ्याचा नातू बसेल. पण आपला मुलगा आज ज्या खोलींत बसतो, तीहि कोणीतरी अशीच बांधून ठेविली होती.